अंगठ्याला दोरी

घड्याळवाला साहेब आला तवा माझ्या पायाच्या अंगठ्याला पाळन्याची दोरी हुती, मांडीवर तंबाखूचं सूप आन् हातात टेंभुर्णीचं पान. लढाईचं साल. नगरच्या त्या बिडी कारखान्यात आमी समद्या बाया अशाच बसायचो. हातानं बिडी, पायानं पाळना, तोंडानं गप्पा. त्यात काय नवल? पन मालकाच्या डोक्यात भरलं, पाळन्यापायी बिडी कमी वळती. म्हनून त्यानं ह्यो घड्याळवाला साहेब बलावला.

मुकादम गहिनीनाथ म्हनला, "झुंबरबाई, तुझा हात समद्यात चपळ. साहेब तुलाच मोजनार. हात अडला तर समद्यांचे पाळने भाईर."

गोदी माझी अंगावर पिती. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. पाळना गेला तर तिला अफू चाटवून घरात कोंडायची. गल्लीतल्या दोघीतिघी तसंच करायच्या. पोरं निस्ती पडून असायची, डोळे अर्धे उघडे. मला ते बघवायचं न्हाई.

साहेब परमुलखातला, मराठी मोडकं. त्यानं मनगट धरून नाडी बघितली तशा बाया फिदीफिदी हसल्या. मग म्हनला, हात चालू ठेव, पाळना हलव आन् मी इचारतो ते सांग. अंग किती दमतं आन् डोकं किती दमतं, दोन्ही मोजायचं म्हनं. मेल्या, घरी चुलीम्होरं बसते तवा कोन येतं मोजाया?

गाव इचारलं, सांगितलं. वार इचारला, सांगितला. हात कसा झरझर चालला हुता. मनात म्हनलं, जिंकलं गं गोदे!

"नवऱ्याचं नाव?"

झालं! बिडी हातातच राहिली. नवऱ्याचं नाव असं उघडं कोन घेतं व्हय?

"उखान्यात घे गं!" साळूबाई शेजारून वरडली.

उखाना जुळवाया गेले तर एक शबुद आठवंना. पाय थांबला. गोदी रडाया लागली.

"साहेब, आमच्यात नाव घेत न्हाईत..."

"दुसरा बोलू नको. जबाब दे."

मी मुकादमाकडं बघितलं. त्याला समदं ठावं हुतं. मिशीतल्या मिशीत हसत हुता मुडदा!

साहेबानं घड्याळ थांबवलं. "पाळणा हलवून डोकं थकला. घरवाल्याचा नाव पण आठवत नाय."

गडी लगोलग दोऱ्या सोडाया आले. माझ्या अंगठ्याला हात घातला तशी मी ताडकन उठले. लाज गुंडाळून ठिवली आन् समद्यांदेखत वरडले, "बन्सी! बन्सी! बन्सी! घ्या, लिवा!"

साळूबाईनं तोंडाला पदर लावला.

"आता नको, बाई," साहेब म्हनला. "घड्याळ बंद केला."

दुसऱ्या दिशी सकाळी मी माझ्याच बोटानं गोदीला अफू चाटवली. तिला वाटलं गूळच हाय. बोट चोखत हसली माझी बया.

कारखान्यात बसले, तर हात चालत हुता आन् पाय बी आपला आपनच हालत हुता.

मुकादम मागं येऊन हुबा राहिला. म्हनला, "बघ, आज कसा हात चालतोय."