खाडीत सोडलेली पाटी

माझ्या निबंधावर जयंती मॅडमनी लाल शाईने एकच ओळ लिहिली होती : ‘कादंबरी वाचलेली दिसत नाही.’

मला राग लवकर येतो, हे आमच्या बोरीवलीच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळचा राग रास्त होता. भाऊराव गमरे यांची ‘कुंपणाअलीकडचं गाव’ मी दोनदा वाचली होती. चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, पुन्हा कधी छापलंच गेलं नाही. लायब्ररीत त्याची एकुलती एक प्रत, आणि ती महिनाभर माझ्या बॅगेत. मग बाकीच्या वर्गाने कादंबरी वाचली कुठून, हा प्रश्न खरं तर मॅडमना पडायला हवा होता.

‘साहित्य, तंत्रज्ञान आणि माणूस’ असा आमच्या चर्चासत्राचा विषय होता. ट्रॉम्बेच्या खाडीकाठच्या एका वस्तीशेजारी कारखाना येतो, कुंपण पडतं आणि माणसं बदलत जातात, अशी ती कादंबरी. लेखक अजून हयात आहेत आणि कार्यक्रमाला स्वतः येणार आहेत म्हणून मॅडमनी ती निवडली होती. अंतर्गत गुणही त्याच निबंधावर मिळणार होते.

मी तडक स्टाफरूम गाठली.

“मॅडम, मी पूर्ण वाचलीय.”

“मग शेवटच्या प्रसंगावर एक अक्षर नाही?”

“कुठल्या?”

मॅडमनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “अगं, आई बुडालेल्या मुलाची शाळेची पाटी खाडीत सोडते तो! अख्ख्या वर्गाने त्यावर लिहिलंय. मिहिरने तर काय सुंदर लिहिलंय.”

“असा प्रसंगच नाहीये पुस्तकात.”

“अस्मिता, मी एम.ए.ला असताना वाचलीय ही. तो प्रसंग वाचून हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडले होते मी.”

मॅडम खोटं बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे आत्ताही भरून आले होते. मी बॅगेतून पुस्तक काढलं. त्या म्हणाल्या, जुनं पुस्तक, शेवटची पानं गळाली असतील. मी पानांचे आकडे दाखवले, खालचं ‘समाप्त’ दाखवलं. त्या म्हणाल्या, मग दुसऱ्या आवृत्तीत असेल. दुसरी आवृत्ती निघालीच नाही, असं मी म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला.

“तुझ्या एकटीच्या हट्टासाठी मी माझी आठवण खोटी ठरवू? शुक्रवारच्या आत तो प्रसंग घालून निबंध परत दे. नाहीतर गुण कशावर देऊ मी?”

मिहिर कॅन्टीनमध्ये सापडला. आम्ही शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे त्याने लपवायचे कष्टही घेतले नाहीत.

“अगं, एआयला विचारलं शेवट काय आहे. त्याने सांगितला, मी वर्गाच्या ग्रुपवर टाकला. झकास आहे ना पण?”

“त्याला हे पुस्तक माहीतच नाही रे! मनाने ठोकून दिलंय त्याने.”

“असेल. पण मॅडमना आठवतंय ना? विषय संपला.” त्याने माझ्यासमोरचा वडा उचलला. “सगळं जग एकीकडे आणि तू एकटी राजा हरिश्चंद्र? चार ओळी घाल आणि मोकळी हो, यार.”

मिहिरचं नाव मॅडमना सांगता आलं असतं. पण चुगली करणं मला जमत नाही. शिवाय त्यातून मिहिरने वाचलेलं नाही एवढंच सिद्ध झालं असतं. मी वाचलंय, ते कुठे सिद्ध होणार होतं? मला तेच हवं होतं. न वाचणारे वाचक ठरले आणि वाचणारी कामचुकार, हे मला काही केल्या गिळवेना.

मी शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं. इतके जण ठामपणे सांगत असले की आपल्यालाही ती पाटी दिसायला लागते की काय, अशी मला खरोखर भीती वाटायला लागली होती. पाटी नव्हती. मी निबंधात चार ओळी घातल्या नाहीत. ज्याने लिहिलं त्यालाच विचारायचं ठरवलं.

शुक्रवारी भाऊराव आले ते नात संघमित्राचा हात धरून. वय ऐंशीच्या पुढे, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला. हॉल गच्च भरलेला बघून ते दारातच थबकले. “एवढी मुलं माझ्यासाठी?” त्यांनी नातीला विचारलं. संघमित्रा हसली.

मॅडमच्या भाषणानंतर मिहिर निबंध वाचायला उभा राहिला. बेट्याचा आवाज चांगला आहे. कारखान्याच्या दिव्यांचा उजेड खाडीत पडलाय, आई पाण्यात उतरते, पाटीवरची मुलाची अक्षरं पदराने पुसायला जाते आणि हात मागे घेते, मग हंबरडा फोडून पाटी पाण्यावर सोडून देते. मागच्या बाकावरचे टवाळसुद्धा गप्प झाले. माझ्या शेजारची ऋता डोळे पुसत होती. आणि व्यासपीठावर भाऊराव सावकाश मान डोलावत होते.

आता लेखकच हो म्हणाला, तर माझं कोण ऐकणार?

तरी प्रश्नोत्तरं सुरू झाल्याबरोबर मी उभी राहिले.

“अस्मिता, वेळ कमी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“एकच प्रश्न, मॅडम.” मी चालत व्यासपीठापाशी गेले आणि पुस्तक भाऊरावांच्या पुढ्यात ठेवलं. “सर, पाटीचा प्रसंग कुठल्या पानावर आहे?”

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, आधी मुखपृष्ठावरून हात फिरवला. मग चष्मा लावून शेवटची पानं चाळायला लागले. पुढून मागे, मागून पुढे. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली.

“सापडत नाही गं बाय.”

“नाहीच आहे, सर. बुडणारा तुमचा धोंडू शाळेतच गेलेला नाही. त्याची पाटी येईल कुठून?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. भाऊराव मात्र माझ्याकडेच बघत होते.

“मग आई काय करते शेवटी?” त्यांनी विचारलं. परीक्षा घेतल्यासारखं नाही. घरच्या माणसाची खुशाली विचारावी, तसं.

“काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फातली कोळंबी सोलायला जाते. मुकादम म्हणतो, आज कशाला आलीस? ती म्हणते, बर्फ वितळतोय. आणि सोलायला बसते. तिथेच संपतं.”

भाऊरावांनी पुस्तक मिटलं. संघमित्राने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी हातानेच बाजूला सारला.

“धोंडू माझा भाऊ,” ते म्हणाले. “ती माझी आई. या पुस्तकाबद्दल चाळीस वर्षांत कोणी एवढं बोललं नव्हतं. तो मुलगा वाचत होता, तुम्ही सगळे ऐकत होता. फार बरं वाटलं मला. म्हटलं, लिहिलं असेन मी असं. विसरलो असेन.” त्यांनी चष्मा काढला. “आमच्या आईला रडताना कोणी बघितलं नाही. धोंडू गेला तेव्हाही नाही. आज तुम्ही तिला एवढ्या लोकांसमोर रडवलंत आणि मी, तिचा मुलगा, मान डोलावत बसलो.”

मिहिर खाली बघत होता. मॅडमनी माइक जवळ ओढला, पुन्हा लांब केला आणि माइकशिवायच म्हणाल्या, “मला खरंच आठवत होतं, सर.”

“मलाही आठवायला लागलं होतं, बाई,” भाऊराव म्हणाले. मग त्यांनी शेवटचं पान उघडून पुस्तक माझ्या हातात दिलं. “वाच तू. मोठ्याने. तिने केलं तेवढंच वाच.”

मी हॉलकडे तोंड केलं आणि वाचायला लागले. मुकादमाच्या प्रश्नापाशी माझा आवाज फाटला. मी थांबले नाही.