शिंगाचा कंदील

रोशब्रूनमध्ये खिडकीला रंग द्यायचा झाला तरी परवानगी लागते. टेकडीवरचं सातशे वर्षांपूर्वीचं गाव जसंच्या तसं ठेवायचं, म्हणून जिवंत माणसांनी अंग चोरून राहायचं. आन्सेल्मला याचा भारी राग. तो दिवसभर उतारावरच्या द्राक्षमळ्यात असे आणि त्यांचं जुनं घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना बायकोच्या, सोलांजच्या, हवाली करून मोकळा होई.

घराखालच्या तळघरात त्यांची वाइन होई. द्राक्षांचा रस आंबू लागला की तिथे जीवघेणी हवा साचते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरचा रिवाज असा, की तळघराच्या दाराशेजारच्या कोनाड्यातला कंदील गुडघ्याशी धरून पायऱ्या उतरायच्या. ज्योत विझली की उलट्या पावली वर यायचं. तोडणीच्या दिवसांत आन्सेल्मची आई तो कंदील कोनाड्यात सतत पेटता ठेवायची, उतरणाऱ्याच्या हाताशी असावा म्हणून. त्याला काचेऐवजी शिंगाचे पातळ पत्रे होते, त्यामुळे बाहेरून नुसता पिवळा उजेड हलताना दिसे.

पाहुण्यांच्या धक्काबुक्कीत मेण सांडतं म्हणून उन्हाळ्यात सोलांजने कंदिलात बॅटरीची मेणबत्ती बसवली. अगदी खऱ्यासारखी, दिवसभर लवलवणारी. पाहुण्यांचा हंगाम संपला की ती काढायची, मग तोडणी, असा तिचा हिशोब. पण यंदाच्या उन्हाने द्राक्षं लवकर पिकली. तोडणी ऐन गर्दीत आली आणि मेणबत्ती बदलायचं तिच्या डोक्यातून साफ निघून गेलं. आन्सेल्मला तर ती बसवल्याचंही माहीत नव्हतं.

तोडणीतल्या एका दुपारी सोलांज माडीवर पाहुण्यांना चूल दाखवत होती. आन्सेल्म चिखलाच्या बुटांनी जिन्यात येऊन उभा राहिला.

"संपली का तुझी पोपटपंची?"

"बूट काढ आधी! फरशी बघ जरा."

"सातशे वर्षांत काही झालं नाही तिला, आता माझ्या बुटांनी मरणार आहे का?" पाहुणे हसले. "खाली जाऊन रसावर आलेला सालींचा थर दाबून येतो. आईसारखी शहाणी झालीस हं शेवटी!"

नेहमीचा टोमणा समजून तिने तो कानाआड केला.

थोड्या वेळाने ती पाहुण्यांना तळघराच्या दारापाशी घेऊन आली. रस आंबत असताना आत कुणाला सोडत नाहीत, हे तिने सांगितलं. मग नेहमीसारखी कंदिलाची गोष्ट रंगवली. "ज्योत विझली, की माणूस परत फिरतो," असं म्हणत दाखवायला तिने कोनाड्यात हात घातला.

कोनाडा रिकामा होता.

आईसारखी शहाणी झालीस म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. तिने दार ढकललं. पायऱ्यांच्या तळाशी पिवळा उजेड मजेत हलत होता, आणि त्याच्या शेजारी चिखलाचे बूट आडवे दिसत होते.

"आन्सेल्म! अरे, ऊठ ना!"

ती खाली झेपावली, पण दोघा पाहुण्यांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं. तिने त्यांना ओरबाडलं, शिव्या दिल्या. त्यांनी सोडलं नाही, याबद्दल तिने त्यांना कधीच माफ केलं नाही.

अग्निशमनवाले तोंडाला प्राणवायूच्या नळ्या लावून उतरले. आधी त्यांनी आन्सेल्मला वर आणलं. त्याचा जीव केव्हाच गेला होता. मग एकाने कंदील आणला, पत्रा उघडला आणि सवयीने फुंकर मारली. ज्योत लवलवतच राहिली. त्याने पुन्हा फुंकर मारली आणि गोंधळून इकडेतिकडे पाहिलं.

सोलांजने कंदील त्याच्या हातातून घेतला, आत बोटं घालून मेणबत्तीच्या बुडाचं बटण चाचपलं आणि दाबलं.