बुंदीचं शूटिंग

भुईगावच्या समुद्रावर जायचं म्हटलं की गाडीचं दार पुरतं उघडायच्या आत बुंदी आत उडी घ्यायची. त्या रविवारी मात्र ती दारापाशीच थांबली. तिने सीटकडे पाहिलं, लतिकाकडे पाहिलं, आणि शेपटी हळूच हलवून खाली बसली.

"वय झालं तिचं," विलास म्हणाला. "दहा वर्षांची लॅब्रेडॉर म्हणजे आपल्याहून म्हातारी."

लतिकाला ते पटेना. बुंदी हल्ली सकाळी उठताना आधी पुढच्या पायांवर जोर द्यायची, मग मागचं अंग ओढून उभी राहायची. चार पावलं टाकली की ठीक व्हायची, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दाराशी धावणारी ही, आता गादीवरूनच शेपटी आपटायची. कमरेवरून हात फिरवला की झटकन मान वळवून बघायची.

"माझी गुडघ्याची गोळी अर्धी देऊन बघू का? मला लगेच आराम पडतो," विलास म्हणाला.

"खबरदार!" लतिकाने गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं. "आधी डॉक्टरांना विचारू."

दोघांनी मिळून बुंदीला उचलून गाडीत बसवलं आणि सातिवलीकडच्या रस्त्यावरचा प्राण्यांचा दवाखाना गाठला. तिथे बुंदीने ऐनवेळी दोघांना तोंडघशी पाडलं. खाली उतरली ती टुणटुणीत! टकटक चालत आत गेली, तिथल्या मांजराला हुंगून आली, बिस्किटाच्या बरणीपाशी जाऊन ऐटीत उभी राहिली. विलास हसायला लागला. लतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर निधी मात्र हसली नाही. "काकू, नव्या जागी आली की कुत्री एवढी हुरळतात की दुखणं विसरतात. घरातला व्हिडिओ आणा मला. झोपेतून उठतानाचा, जिना चढतानाचा. तिला कळू न देता काढा. आणि काका, माणसांच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत हं. जिवावर बेततं."

लतिकाच्या अंगात वारंच शिरलं. घरी येताच शूटिंग सुरू झालं. पहिल्या व्हिडिओत नुसतं बुंदीचं ओलं नाक. फोन दिसताच ती चाटायला आली होती. दुसऱ्यात बुंदी उठणार तेवढ्यात विलास मोठ्याने ओरडला, "ॲक्शन!" आणि ती पुन्हा आडवी झाली.

"अहो, तुम्ही गॅलरीत जाऊन बसा बघू!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच लतिका पडद्याआड फोन धरून उभी राहिली. श्वासही जपून घेत होती. बुंदी जागी झाली, आळस देऊ लागली, अर्ध्यात थांबली. मागचे पाय गुळगुळीत लादीवर घसरले, पुन्हा सावरले. मग फिरून परतताना लतिकाने तिचं जिना चढणंही टिपलं.

चहा ओतता ओतता तिने तो व्हिडिओ हळू चालवून पाहिला आणि कप तसाच ठेवून ती गॅलरीत धावली. "अहो, सापडलं! हे बघा, मागचे दोन्ही पाय एकदम उचलतेय. सशासारखी! पूर्वी एकामागून एक टाकायची!"

विलासने चष्मा लावला. पुन्हा पाहिलं, परत पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बिचारी. आणि मी नुसतं वय झालं म्हणत होतो."

एक्स-रेमध्ये दिसलं, खुब्याचे सांधे झिजले होते. "संधिवात आहे," निधी म्हणाली. "पुरता जायचा नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. व्हिडिओ झकास काढलात, काकू!" या शाबासकीने लतिका दिवसभर तरंगत होती.

मग घराचं रूपच पालटलं. लादीवर जिकडेतिकडे रबरी मॅट अंथरल्या. विलासने जुन्या फळीला काथ्या गुंडाळून गाडीत चढायला उतार बनवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवला. बुंदीच्या ताटातला भात कमी झाला, कारण जड अंगाचा भार सांध्यांवरच पडतो. एका लांब फेरीऐवजी थोड्या थोड्या वेळाने छोट्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी जेवणातून जायची, आणि त्या गोळीमुळे अधूनमधून रक्त तपासायची तारीख विलास स्वतः लक्षात ठेवायचा.

काही आठवडे फारसा फरक दिसेना. लतिका मनातून खचत चालली होती.

मग एका रविवारी विलास पाचूबंदरहून सुरमई घेऊन आला. हळद-मीठ लावलेल्या तुकड्यांचं ताट ओट्यावर ठेवून लतिका फोन घ्यायला बाहेर गेली. परतली तर बुंदी मागच्या दोन पायांवर ताठ उभी, पुढचे पंजे ओट्यावर, आणि तोंडात सर्वांत मोठा तुकडा!

"अहो, पळत या! उभी राहिली! बुंदी उभी राहिली!"

विलास धावत आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, उड्या मारायच्या नाहीत म्हणून सांगितलंय तिला! आणि माझी सुरमई?"

"जाऊ दे हो सुरमई!" लतिकाने खाली बसून बुंदीला मिठी मारली, तोंडात उरलेला काटा अलगद काढून घेतला आणि तिच्या कमरेवरून हात फिरवला. बुंदीने मान वळवली नाही. ती ताटाकडेच टक लावून बघत होती.