खांबाचा गोल

वदीकाकांना जन्मभर एकच गोष्ट सिद्ध करायची होती. रमजानमधल्या गल्ली-स्पर्धेच्या फायनलला त्यांनी मारलेला चेंडू गल्लीतच आखलेल्या मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या विजेच्या खांबावर आपटून जाळ्यात गेला, तो गोल होता. समोरचे गोलकीपर लुत्फीकाका म्हणत, "खांबाला लागला तिथंच खेळ थांबला. कसला डोंबलाचा गोल!" त्या भांडणात कप कुणालाच मिळाला नाही. पुढे रस्ता रुंद झाला, खांब गेला, आणि आता पोर्ट सईदमधल्या आमच्या गल्लीतली पोरं मैदानात खांब होता हीच थाप समजतात. काकांना ते फार लागायचं.

मी एका जुन्या फुटबॉल गेममधले परदेशी संघ काढून त्यात आमच्या गल्लीतले संघ घालते. म्हणून काका माझ्या भावाच्या गेमच्या दुकानात येऊन बसले.

"शहिंदा, त्यात खांब घाल."

"काका, गेमचं इंजिन, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, कंपनीच्या कुलपात आहे. आहेत त्यांना मी नवे कपडे चढवते. नवं काही उभं करता येत नाही."

"मग कुणाला तरी खांबाचे कपडे चढव!"

आधी मी मैदानात खांबाचं नुसतं चित्र उभं केलं, तर चेंडू त्यातून खुशाल आरपार गेला. या गेममध्ये चेंडू अडतो तो खेळाडूंनाच. शेवटी काकांचंच ऐकलं. त्यांच्या संघातला एक बचावपटू घेतला, ताणून उंच केला, राखाडी रंगवला, वेग शून्याजवळ आणला आणि नाव ठेवलं 'खांब'. तरी इंजिनच्या लेखी तो माणूसच. पहिल्याच सामन्यात त्यानं पिवळं कार्ड खाल्लं आणि पंचाशी हुज्जत घातली.

रोजा सोडून लुत्फीकाका मुद्दाम टिंगल करायला आले. हातात कुनाफ्याच्या मिठाईची बशी. दुकान खचाखच भरलेलं. कंट्रोलर वदीकाकांच्या हातात होता. चेंडू सारखा भलतीकडेच जाई, पोरं खिदळत. आणि मग एकदाचा तो खांबावर आपटला आणि जाळ्यात गेला.

पडद्यावर आलं: 'गोल: खांब'. खांब हात पसरून धावत सुटला आणि गुडघ्यांवर घसरत गेला.

गोल कुणाच्या नावावर लावायचा आणि त्याचा जल्लोष कसा करायचा ते इंजिन ठरवतं. माझ्या हातात काही नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लुत्फीकाका टाळी पिटून ओरडले, "बघा! वद्या, तो गोल तुझा नव्हताच! खांबाचा होता, खांबाचा!"

काकांचा चेहरा पडला. मग हळूहळू तो उजळला.

"म्हणजे गोल झाला होता," काका म्हणाले.

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. लुत्फीकाकांचा घास तोंडातच राहिला.

वदीकाकांनी बाहीनं डोळे पुसले. "पोरी," ते म्हणाले, "त्याचा तो नाच परत दाखव गं. आमच्याच संघातला आहे तो."