पाय मारल्याशिवाय पंखा नाही

बालवर्गाच्या बाईंनी मला तोंडावरच सांगितलं, "पुन्हा बॅटरी संपली, तर भाचीला घरीच ठेवा. माझ्या जिवाला घोर नको."

माझ्या भाचीला, ठकीला, दमा आहे. दुपारी तिला वाफेचं यंत्र लावावं लागतं आणि वीज जाते ती नेमकी दुपारीच. मग सगळी भिस्त इन्व्हर्टरवर. पण पोरं त्यावर पंखा लावून बॅटरीचा फडशा पाडत.

"बटणाला कुलूपच घालते," बाई म्हणाल्या.

"कुलूप कशाला? मी समजावते." वीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करतेय, चार-चार वर्षांच्या बारा पोरांची ती काय कथा!

तोंडघशी पडले. "बॅटरी म्हणजे विजेची टाकी," असं मी सांगितलं आणि पोरांना ते फारच पटलं. दुसऱ्या दिवशी मिरची (वर्गातली सगळ्यात तिखट पोर) पाण्याची बाटली घेऊन बॅटरीवर ओतायला निघाली. "टाकी भरते ना, मावशी!" बाईंनी वेळेवर धरली म्हणून बरं. माझ्याकडे मात्र असं बघितलं की बस्स.

मीही हट्टाला पेटले. लहान मुलांची सायकल स्टँडवर चढवली, चाकाला छोटा डायनमो लावला आणि त्याला एक रिकामी बॅटरी जोडली. "मारा पाय. तुमची ताकद या डब्यात जाऊन बसेल."

बाराही जणांनी आळीपाळीने घामाघूम होईस्तोवर पाय मारले. मग मी त्या बॅटरीवर टेबलपंखा लावला. पाचेक मिनिटं फिरला आणि थांबला.

"संपलं?" मिरची रडकुंडीला आली. "एवढे पाय मारले आम्ही!"

"मोठ्या डब्यातही असंच साठवलेलं असतं. आणि ते ठकीच्या श्वासासाठी आहे."

पोरांना समजलं की नाही, देव जाणे.

आठवड्याने वीज गेली. मी दुकान उघडं टाकून धावले. वर्गाची नुसती भट्टी झाली होती. कोपऱ्यात ठकी तोंडाला मास्क लावून बसलेली, यंत्र घरघरत होतं, आणि बाकीची पोरं वह्यांनी वारा घेत होती. माझा जीव भांड्यात पडला. धापा टाकत, निव्वळ सवयीने, मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

फाडकन हातावर चापट बसली.

"ते ठकीचंय!" मिरची बटणाला पाठ लावून उभी होती. "तू मारलेस का पाय?"

मी मुकाट्याने एक वही उचलली आणि भाचीला वारा घालत बसले.