गुदगुल्यांची स्पर्धा

यशवंतपूरच्या मार्केटात माझं दोरीचं दुकान आहे. सुतळी, काथ्या, नायलॉन, मासे धरायचा दोरा, जे मागाल ते. समोर रत्नाकरची गुळाची मंडी. आमची दोन्ही घराणी इतक्या पिढ्या बेंगळुरात आहेत, की जेवण मराठीत आणि भांडण कन्नडात अशी आमची सवय.

रत्नाकरला बनवणं हा माझा खरा धंदा. दोरी मी फावल्या वेळात विकतो. एकदा एसटीडी बूथवरून हुबळीच्या व्यापाऱ्याचा आवाज काढून मी त्याला बिनगोड गुळाची ऑर्डर दिली. पठ्ठ्या अर्धा तास भावावरून घासाघीस करत होता. तेव्हापासून मी "बाहेर पाऊस पडतोय" म्हटलं तरी तो आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघतो.

त्याची मुलगी भव्या पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्या अकरावीला, सायन्सला. एका शनिवारी ती चारपाच पोरापोरींना घेऊन दुकानात आली. बरोबर एक बाई होत्या, हेमलताबाई. मूळच्या पुण्याच्या, इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला. दर रविवारी त्या या पोरांना जमवायच्या. बेडकाच्या आकृत्या पुरे झाल्या, आता शिकलेलं माणसांच्या उपयोगी आणा, असं त्यांचं म्हणणं.

"गुंडण्णा, मासे धरायचा दोरा पाहिजे," भव्या म्हणाली. "सगळ्या जाडीचा, स्वल्प स्वल्प."

"कुठल्या तळ्यावर चाललात?"

"पायांवर."

मग तिने समजावलं. दोऱ्याचं टोक तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचं. धडधाकट पायाला तेवढा दाब कळतो. नाही कळला तर पायातल्या नसा बधिर झाल्यात. शुगरवाल्यांचं असं होतं. मग खिळा टोचला तरी पत्ता नाही, जखम आतल्या आत चिघळते, आणि शेवटी पाय कापायची पाळी येते.

"आणि हे तुमच्या दोऱ्यावरून कळतं," हेमलताबाई म्हणाल्या. "फक्त जाडी बरोब्बर हवी."

दुपारभर पोरं शेजारच्या वेलदोडेवाल्याच्या नाजूक तराजूवर दोरे दाबत बसली. बरोबर दहा ग्रॅमला वाकणारा हवा होता; हा फार मऊ, तो फार ताठ. शेवटी एक जमला. भव्याने त्याचा तुकडा रिफिल काढलेल्या पेनात बसवला आणि असा उचलून दाखवला, जसा काही तिनेच दोरा शोधून काढला.

रविवारी मार्केटच्या आवारात पोरांनी टेबल मांडलं. "पायांची मोफत तपासणी," तीन भाषांत. कोणी फिरकेना. पायात काय बघायचंय, म्हणून हमाल पुढे जायचे. व्यापाऱ्यांना पोरांपुढे मोजे काढायची लाज. भाजीवाल्या इंदिराबाई तेवढ्या आल्या. पण पोरगी पायाशी वाकल्याबरोबर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा ग बाळ" म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांना वाटलं, नमस्काराचाच कार्यक्रम आहे.

भव्या खाली मान घालून बोर्ड गुंडाळायला लागली.

"थांब ग," मी म्हटलं. "तपासणीला कोण येतं? स्पर्धा लाव."

"कसली?"

"गुदगुल्यांची. डोळे बांधायचे. तळव्याला दोरा लागल्यावर जो हसेल, पाय ओढेल, तो बाद. जो दगडासारखा बसेल त्याला माझ्याकडून कपडे वाळत घालायच्या दोरीचं बंडल."

हेमलताबाईंनी कपाळाला हात लावला. "गुंडूराव, हे शास्त्रात बसतं का?"

"आधी माणूस खुर्चीत बसू दे, बाई. शास्त्राला मग जागा करू."

मी डबा वाजवून पुकारा केला. दहा मिनिटांत गर्दी. गोणी उचलणारा दणकट बसवंत पहिल्याच टोचणीला घोड्यासारखा खिंकाळला. कांदेवाला ओरडून खुर्चीसकट कलंडला. लोक पोट धरून हसत होते, आणि हसता हसता प्रत्येकाचा पाय तपासून होत होता. पोरं शहाणी, स्पर्धा संपली तरी माणसाला सोडायची नाहीत. "आता खरंखरं सांगा हां, कळलं की हूं म्हणा."

मग रत्नाकर आला. आमच्या गल्लीत कोणी जिंकतोय म्हटल्यावर तो घरी बसणारा नव्हे.

"माझे पाय कोणी हलवून दाखवा," म्हणत त्याने मोजे काढले. मीच डोळे बांधले. भव्याने बापाच्या अंगठ्याला दोरा लावला. वाकला. चवड्याला लावला. वाकला. दुसऱ्या पायालाही तसाच. रत्नाकर पुतळ्यासारखा. लोक टाळ्या पिटायला लागले.

तेव्हा रत्नाकर म्हणाला, "अरे टाळ्या कसल्या? सुरू तरी करा. किती वेळ बसवणार?"

आवारात हशा फुटला. काय नाटकी आहे म्हणून मीही मांडीवर थाप मारली. एकटी भव्या हसली नाही. तिने पुन्हा दोरा लावला, वाकवला, आणि तसाच धरून बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. माझं हसू तोंडातच राहिलं.

गर्दी पांगल्यावर हेमलताबाईंनी त्याला सरळ सांगितलं. पायांना संवेदना नाही, शुगर तपासा, उद्याच.

"मला शुगर?" रत्नाकर भडकला. "रोज गूळ चाखून भाव ठरवतो मी. हे सगळं या गुंड्याचं काम आहे. स्पर्धा ह्याची, दोरा ह्याचा, आता बाईसुद्धा ह्याच्याच."

"शपथ घेतो, रत्ना, या वेळी खरं आहे."

"हुबळीचा व्यापारी पण शपथ घेत होता."

वीस वर्षं मी याला बनवत आलो, आता एकदा खरं बोललो तर तो ऐकेल कसा? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर कदाचित गेला असता डॉक्टरकडे. माझा आवाज जितका कळवळून यायचा, तितका तो "बघा कसा सोंग करतो" म्हणून बोट दाखवायचा. माझ्यामुळे याचा पाय जाणार, एवढंच डोक्यात.

भव्या वाद घालत बसली नाही. तिने दोऱ्याचं पेन बापाच्या हातात दिलं.

"अप्पा, माझं ऐकू नका. गुंडण्णाचं तर नकोच. तुम्हीच बघा. आधी यांच्यावर."

तिने माझे डोळे बांधले. रत्नाकरने मला चांगलंच घोळवलं. मध्येच थांबायचा, खोटाच खाकरायचा, भलत्याच बोटाला लावायचा. पण दोरा लागला की माझ्या तोंडून हूं निघायचं, आणि नाही लागला तर नाही. मला दिसत नव्हतं, त्यामुळे लबाडी करायला जागाच नव्हती. हळूहळू त्याचं खाकरणं बंद झालं.

मी पट्टी काढली तेव्हा तो स्वतःचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. अंगठ्याला दोरा लावत होता. दोरा धनुष्यासारखा वाकत होता. त्याने दोरा काढून हाताला लावला, तिथे दचकला. पुन्हा पायाला.

"भव्या," तो अगदी हळू म्हणाला, "वाकतोय ना ग हा?"

"हो, अप्पा."

"मला काहीच होत नाहीये."

ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली, दुसरा पाय ओढून घेतला आणि बोटं एकेक करून वेगळी केली. करंगळीच्या खाली तिचा हात थांबला. तिथे जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. बुटातला खिळा किती दिवस टोचत होता कोण जाणे.

"हे कधी झालं?" रत्नाकरने तिला विचारलं. स्वतःच्या पायाबद्दल मुलीला विचारत होता.

त्याच संध्याकाळी मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत एक चकार विनोद केला नाही, तेव्हा तो म्हणाला, "काहीतरी बोल रे, भीती वाटतेय." मग मी बिनगोड गुळाचा भाव विचारला. तो हसला, आणि माझं मनगट दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं नाही.

शुगर भरपूर निघाली. जखम हाडापर्यंत गेली नव्हती. आणखी थोडे दिवस गेले असते तर आम्ही वेगळं बोलत असतो, असं डॉक्टर म्हणाले. दीड महिना ड्रेसिंग चाललं. पट्टी सुटली त्या दिवशी रत्नाकर कोवळ्या कातडीवरून बोट फिरवत भव्याला म्हणाला, "पण कळत तर अजून नाहीच. मग पुढच्या वेळी?"

"पायाला नाही कळत ना? डोळ्यांनी बघायचं. रोज. तुम्ही पण, मी पण."

आता गूळ चाखायला माणूस ठेवलाय. दुकान बंद करायच्या आधी रत्नाकर पाय धुऊन गोणीवर ठेवतो आणि भव्या टॉर्च घेऊन बोटाबोटात बघते. सुरुवातीला तो शटर अर्धं ओढून घ्यायचा. मग हमाल डोकवायला लागले. एक दिवस बसवंत म्हणाला, "अक्का, माझ्या आईचे बघशील का?"

काल मीही चपला काढून गोणीवर रत्नाच्या पायांशेजारी माझे पाय ठेवले.

"माझे पण बघ ग."

भव्याने टॉर्च मारली, नाक मुरडलं. "सरी, बघते, गुंडण्णा. आधी धुऊन या."

रत्नाकर इतका हसला की गोणीवरून घसरला. मी निमूटपणे नळावर गेलो.