सात पिढ्यांचा लेप

भाग्यश्रीवैनी लिहायला बसल्या की त्यांना तीन गोष्टी लागत: पंखा, चहा आणि चिमणाबाई. पंखा नसता तरी एक वेळ भागलं असतं. चिमणाबाई नसती तर मात्र रविवारच्या पेपरात 'रूपसखी' या त्यांच्या सदराची जागा कोरीच गेली असती. स्वतःच्या डोक्यानं वैनींनी एकदाच लिहिलं, की केस दाट दिसायला डिंकाचं पाणी लावावं. त्या आठवड्यात हुपरीहून एका बाईचं पत्र आलं, वेणी अजून सुटलेली नाही, पुढं काय करू? तेव्हापासून वैनी चिमणाबाईला विचारल्याशिवाय पेनचं टोपण काढत नसत.

हे पंच्याण्णव सालापासूनचं. चिमणाबाई कसबा बावड्यात राहायची आणि कोल्हापुरातल्या बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायची. माहेर मलकापूरकडचं. तिची आई रानातला मध, आंबेहळद आणि मसूर एकत्र करून लेप बनवायची. मोठ्या घरच्या पोरी लग्नाआधी तो आपल्या मागच्या दारानं घ्यायच्या. आईचा लेप त्यांच्या तोंडाला चालायचा, आई उंबऱ्याच्या आत चालायची नाही. कुणाचा लेप गं, असं विचारलं तर एकीनंही कधी आईचं नाव घेतलं नाही. आई तशीच बिननावाची मरून गेली, आणि ते चिमणाबाईच्या काळजाला लागलं होतं.

म्हणून वैनी जेव्हा म्हणाल्या, "मी पुस्तक करणार आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव घालते, चिमणाबाई, आणि तुमच्या आईचंही," तेव्हा ती बाई हुरळली. तेवढ्या एका पानासाठी ती नऊ वर्षं सांगत गेली आणि वैनी लिहून घेत गेल्या.

त्या घरात वैनींच्या सासूबाई होत्या, अक्काताई. हाडाच्या कडक. चिमणाबाई मधाची बाटली घेऊन आली की म्हातारी दारातच आडवी यायची. "बाटली भायेर ठेव गं. आत आणू नगंस." मग चिमणाबाई परसात धुण्याच्या दगडावर बसून लेप कालवायची आणि मनातल्या मनात म्हातारीला शिव्या हासडायची. बाटली बाहेर ठेव म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आईबरोबर लहानपणी तिनं पुष्कळ उंबरे बाहेरूनच पाहिले होते.

वैनींचं तसं नव्हतं. बाटली नसेल त्या दिवशी त्या तिला हॉलमध्ये सोफ्यावर बसवायच्या, पाहुण्यांच्या कपात चहा द्यायच्या आणि पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं." चिमणाबाईला त्या चहाचं कोण कौतुक. तिथंच ती फसली.

दोन हजार चार साली पुस्तक आलं, 'रूपाचा वारसा', आणि त्याच्याबरोबर त्याच नावाच्या लेपाची डबीही आली. वैनींचे यजमान पारस गुळाचे व्यापारी. बायकोच्या हौसेला त्यांनी हॉल घेतला, हारतुरे आणले, पुण्याहून प्रमुख पाहुणे आणले. चिमणाबाई इस्त्रीची साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली. पुस्तक हातात पडल्यावर चौथी पास झालेल्या त्या बाईनं पहिल्या पानावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. 'माझ्या आजेसासूबाईंच्या हातचा, सात पिढ्यांचा लेप.' तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग थेट शेवटाला गेली. तिथं आभार होते. छापखान्याचे, फोटोग्राफरचे, पारस यांचे, आणि लिहिताना पायाशी बसून राहणाऱ्या टफी या कुत्र्याचे.

कुत्र्याचं नाव होतं. चिमणाबाईचं नव्हतं. तिच्या अंगाची लाही झाली.

व्यासपीठावर पाहुण्यांना लाडीगोडी सुचली. अक्काताईंपुढं माइक धरून ते म्हणाले, "आजी, या वयातही काय तेज आहे. रोज हा मधाचा लेप लावता वाटतं?"

"मध?" म्हातारीनं माइककडंच संशयानं बघितलं. "पावणं, आमी जैन. आमी मध खात न्हाई आन् घरात बी घेत न्हाई. माझ्या सासूनं जल्मात मधाला हात लावला न्हाई."

"पण पुस्तकात तर लिहिलंय..."

"लिवलं आसंल. ल्याप त्या चिमणाबाईचा हाय. ती काय, मागं बसलीया. बाटली घिऊन यायची. बाटली तेवढी भायेर ठेव आन् तू आत ये, म्हणून किती डाव सांगितलं तिला. पर ती बाटली सोडंना आन् आत येईना."

हॉल खो खो हसला. वैनींनी चिमणाबाईचं सांगणं जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि ते आपल्या सासरच्या सात पिढ्यांच्या नावावर टाकताना त्या घरात मध शिरत नाही, एवढंही त्यांना आठवलं नव्हतं. लेखिका म्हणवणाऱ्या बाईनं स्वतःचं घरसुद्धा वाचलं नव्हतं.

चिमणाबाईचं नाव कर्ण्यातून हॉलभर गेलं, पण तिला धड आनंदही होईना. अडचण बाटलीतल्या मधाची होती, तिची नव्हती. 'तू आत ये' हे अर्धं वाक्य रागाच्या भरात तिनं कधी कानावरच घेतलं नव्हतं. नऊ वर्षं तिनं भलत्याच बाईला शिव्या घातल्या आणि भलत्याच बाईचा चहा गोड मानला. तिला स्वतःची लाज वाटली.

वैनी मात्र लाजणाऱ्यातल्या नव्हत्या. पंधरा दिवसांनी त्यांची गाडी बावड्यात आली. जैन बायका डब्या परत करत होत्या, दुकानदार कुरकुरत होते, आणि वैनींनी त्यावर तोड काढली होती. त्यांनी नवी डबी चिमणाबाईच्या हातात ठेवली. सोनेरी अक्षरात छापलं होतं, 'चिमणाबाईंचा अस्सल लेप'.

चिमणाबाईनं नावावरून बोट फिरवलं. मग झाकण उघडून नाकाशी नेलं. आत अत्तराचा दर्प होता.

"मध कुठाय ह्यात?"

"काढला. आता सगळ्यांना चालेल."

"आन् आंबेहळद?"

"तिचे डाग पडतात. पिवळा रंग घातलाय, दिसायला तेच. पण नाव बघा ना, तुमचंच आहे. तुम्हाला हवं होतं ना?"

"वैनी, ह्यात माझं काय बी न्हाई. नाव काढा."

"आता कसं काढणार? डब्या दुकानात गेल्यासुद्धा. आणि आत कागदावर तुमच्या आईचंही घातलंय." वैनी उपकार केल्यासारख्या हसल्या आणि गाडीत बसून गेल्या.

महिन्याभरात गल्लीतली झुंबरबाई दारात आली. लेकीची हळद दोन दिवसांवर, आणि पोरगी पदरानं तोंड झाकून आईच्या मागं उभी. झुंबरबाईनं एका हातात ती सोनेरी अक्षरांची डबी धरून दुसऱ्या हातानं पदर बाजूला केला. दोन्ही गाल लाल होऊन सुजले होते.

"चिमणाबाई, काय घातलंस गं ह्यात?"

"त्यो ल्याप माझा न्हवं, झुंबरबाई. आईची शपथ."

झुंबरबाईनं डबीतला कागद उलगडून तिच्यापुढं धरला. "आईचं बी नाव हाय की ह्याच्यावर."